बी पेशीची वाट जन्माने ठरते की रिसेप्टरने? जनुकीय बदल केलेल्या उंदरांची साक्ष

एकपेशी (धागाकर्ता)

पाठ्यपुस्तकातली बी पेशीची कथा सरळ असते. ती अस्थिमज्जेत जन्मते, जनुकांचे तुकडे जुळवून स्वतःचा एक रिसेप्टर घडवते, प्लीहेत येऊन परिपक्व होते, आणि जुळणारा प्रतिजन (रिसेप्टर ज्याला चिकटतो तो घटक) भेटला की प्लाझ्मा पेशी होऊन तोच रिसेप्टर प्रतिपिंडाच्या, म्हणजे अँटीबॉडीच्या, रूपाने सोडू लागते. १९८३ साली हायाकावा, हार्डी आणि हर्झेनबर्ग यांच्या गटाने उंदरातल्या ज्या बी पेशींचे वर्णन केले, त्या या कथेत नीट बसत नव्हत्या. टी पेशींवर आढळणारे सीडी५ हे प्रथिन त्यांच्या पृष्ठभागावर होते (तेव्हा त्याला लाय-१ म्हणत), उदरपोकळीत त्यांचा विशेष भरणा होता, आणि कोणताही संसर्ग झालेला नसताना त्या आयजीएम वर्गाची प्रतिपिंडे बनवत होत्या. आज त्यांना बी-१ म्हणतात आणि उरलेल्या नेहमीच्या पेशींना बी-२.

या पेशी वेगळ्या का, यावर दोन पक्ष पडले आणि तो वाद पुढे कित्येक वर्षे चालला. एका पक्षाच्या मते हा वंशाचा प्रश्न होता. किरणोत्साराने स्वतःच्या रक्तपेशी नष्ट केलेल्या उंदराला गर्भाच्या यकृतातल्या पेशी दिल्या, तर त्यांच्यापासून सीडी५ असलेल्या बी-१ पेशी भरपूर तयार होतात. प्रौढ उंदराच्या अस्थिमज्जेतल्या पेशी दिल्या, तर बी-२ व्यवस्थित तयार होतात आणि बी-१ फारच थोड्या. तेव्हा दोघींचे पूर्वजच निराळे, असे हा पक्ष म्हणत होता. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की पूर्वज एकच असतात, परंतु ज्या पेशीच्या वाट्याला शरीरातल्याच एखाद्या घटकाला चिकटणारा रिसेप्टर येतो आणि त्यातून जिला जोरकस संदेश मिळतो, ती बी-१ होते.

साध्या उंदरात या वादाचा निकाल लावता येत नाही, कारण त्याच्या जवळजवळ प्रत्येक बी पेशीचा रिसेप्टर वेगळा असतो. रिसेप्टरचा परिणाम पाहायचा असेल तर तो आपण निवडून पेशीला द्यायला हवा, आणि जनुकीय बदल केलेले उंदीर याच कामी आले. रायेव्स्की यांच्या प्रयोगशाळेत व्हीएच१२ हा जड साखळीचा (रिसेप्टर जड आणि हलक्या अशा दोन प्रकारच्या साखळ्यांचा बनतो) भाग उंदराच्या मूळ जनुकस्थानी बसवण्यात आला. योग्य हलक्या साखळीशी जोडी जमली की हा रिसेप्टर पेशीपटलातल्या फॉस्फॅटिडिलकोलीनला चिकटतो, आणि असा रिसेप्टर असलेल्या पेशी बी-१ होतात. १९९९ साली हायाकावा यांच्या गटाने दाखवलेली गोष्ट मला त्याहूनही नेटकी वाटते. त्यांनी थाय-१ या शरीरातल्याच प्रथिनाला चिकटणारी जड साखळी उंदरात घातली. ज्या उंदरात थाय-१ शाबूत होते त्यात या पेशी जमल्या आणि त्यांचे प्रतिपिंडही रक्तात सापडले. थाय-१ चे जनुक काढून टाकलेल्या उंदरात दोन्ही गोष्टी दिसेनाशा झाल्या. स्वतःच्या शरीराला ओळखणाऱ्या पेशी काटछाट होऊन नाहीशा होतात असे आपण शिकलेलो असतो. इथे तर त्या ओळखीमुळेच पेशी टिकून राहिल्या.

२००४ साली कासोला आणि सहकाऱ्यांनी रिसेप्टरच बाजूला ठेवला. एपस्टाइन-बार विषाणूचे एलएमपी२ए हे प्रथिन कोणत्याही प्रतिजनाला ओळखत नाही, पण बी पेशीच्या रिसेप्टरसारखा संदेश आपोआप देत राहते. रिसेप्टरच्या जागी हे प्रथिन कमी प्रमाणात असले तेव्हा पेशी बी-२ च्या वाटेने, म्हणजे प्लीहेतल्या फॉलिकल आणि मार्जिनल झोन या गटांत गेल्या. जास्त प्रमाणात असले तेव्हा बी-१ झाल्या. आणि २०१९ मध्ये ग्राफ, रायेव्स्की आणि सहकाऱ्यांनी परिपक्व बी-२ पेशीत रिसेप्टर बदलून बी-१ ला साजेसा रिसेप्टर आणला, तेव्हा त्या पेशी बी-१ कडे वळल्या.

माझ्या वाचनानुसार यामुळे पारडे रिसेप्टरच्या बाजूला स्पष्ट झुकते. परंतु हा सगळा पुरावा अशा उंदरांतून आलेला आहे ज्यांच्यातली बी पेशींची वस्ती कोणत्याही नैसर्गिक उंदरासारखी नसते, ही गोष्ट मनातून जात नाही. जाणकारांनी यावर लिहावे.

शंकासुर

लेख आवडला, पण एक गाठ सुटलेली दिसत नाही. रिसेप्टरच सर्व काही ठरवत असेल, तर प्रौढ अस्थिमज्जेतून बी-१ पेशी इतक्या कमी का निघतात? तिथेही रिसेप्टर जुळवण्याची प्रक्रिया तीच चालते, आणि शरीरातले घटकही तेच असतात. यादृच्छिकपणे लाखो रिसेप्टर बनत असतील, तर त्यातले काही फॉस्फॅटिडिलकोलीनला चिकटणारे निघायलाच हवेत. पहिल्या पक्षाचा प्रयोग खोटा ठरलेला नाही. आपण त्याला फक्त वळसा घातला आहे, असे मला वाटते.

प्लीहा

शंकासुर, तुमच्या प्रश्नातच एक गृहीतक दडलेले आहे, ते म्हणजे “प्रक्रिया तीच चालते” हे. ती तीच नसते. जनुकांचे तुकडे जुळवताना सांध्यावर टीडीटी नावाचे विकर साच्याशिवायच जादा न्यूक्लिओटाइड घालते, आणि त्यामुळे रिसेप्टरांची विविधता कितीतरी वाढते. गर्भातल्या बी पेशींत हे विकर जवळजवळ नसते. म्हणून गर्भात बनणारे रिसेप्टर संख्येने कमी प्रकारचे, पण तेच ते पुन्हा पुन्हा बनणारे असतात. प्रौढ अस्थिमज्जेत तोच सांधा इतक्या तऱ्हांनी जुळतो की ठरावीक रिसेप्टर नेमका तसाच पुन्हा घडणे दुर्मीळ होते.

याची उत्तम परीक्षा १९९९ साली बेनेडिक्ट आणि कर्नी यांनी घेतली. फॉस्फोरिलकोलीन या घटकाला ओळखणारे टी१५ नावाचे एक ठरावीक प्रतिपिंड उंदरात असते, त्याच्या सांध्यावर जादा न्यूक्लिओटाइड नसतात, आणि न्यूमोनियाच्या स्ट्रेप्टोकोकस जिवाणूपासून ते उंदराचे रक्षण करते. या संशोधकांनी गर्भावस्थेतच टीडीटी कार्यरत राहील असा ट्रान्सजेनिक, म्हणजे बाहेरून जनुक घातलेला, उंदीर घेतला. विविधता वाढली, पण ते रक्षण करणारे प्रतिपिंड हरवले. म्हणजे पेशीचा जन्म कधी झाला यावर तिला कोणते रिसेप्टर मिळू शकतात हे अवलंबून असते, आणि मिळालेल्या रिसेप्टरवर पुढची वाट. अस्थिमज्जेच्या प्रयोगाचा मोठा भाग यात उलगडतो.

मोठा भाग म्हटले, संपूर्ण नव्हे. २०१२ साली असे दिसले की लिन२८बी हे गर्भातल्या रक्तमूलपेशींत चालू असणारे जनुक प्रौढ मूलपेशींत मुद्दाम चालू केले, तर त्या गर्भासारख्या वागू लागतात आणि त्यांच्यापासून बी-१ पेशीही निघतात. शिवाय २००६ साली मोंतेसिनो-रोड्रिगेझ आणि डॉर्शकिंड यांच्या गटाने गर्भाच्या अस्थिमज्जेत मुख्यतः बी-१ देणारी पूर्वपेशी वेगळी काढून दाखवली होती. तेव्हा गर्भातल्या मूलपेशीकडे टीडीटीच्या अभावापलीकडेही काहीतरी आहे, हे पहिल्या पक्षाचे म्हणणे उरतेच.

मूषकवाहन

मी उंदरांवरच काम करतो, त्यामुळे थोडे जमिनीवरचे लिहितो. वरच्या चर्चेत “जनुक काढले” हे दोन शब्द फार सहज आले आहेत. हल्ली जनुक संपूर्ण शरीरातून न काढता क्रे-लॉक्स पद्धतीने फक्त बी पेशींतून काढतात. लॉक्स-पी या दोन खुणांमधला डीएनए क्रे हे विकर कापून काढते, आणि क्रे फक्त बी पेशीत बनावे म्हणून ते बी पेशीच्याच एखाद्या जनुकात बसवलेले असते. १९९७ पासून यासाठी सर्रास वापरला जाणारा उंदीर म्हणजे सीडी१९-क्रे (सीडी१९ हे बी पेशींच्या पृष्ठभागावरचे प्रथिन). गोम अशी की क्रे सीडी१९ च्या जनुकात घुसवताना ते जनुक मोडते. एकाच प्रतीत क्रे असेल तर सीडी१९ निम्म्या मात्रेवर चालते. दोन्ही प्रतींत क्रे आले तर त्या उंदरात सीडी१९ अजिबात नसते, आणि सीडी१९ नसलेल्या उंदरात बी-१ पेशी मुळातच फार कमी असतात. आता समजा एखाद्याने जनुकचाचणी नीट न करता असे उंदीर वापरले आणि बी-१ पेशी घटल्या. दोष भलत्याच जनुकावर जाईल. म्हणून तुलनेचा उंदीर त्याच वेतातला हवा आणि त्याच्यातही सीडी१९-क्रे एका प्रतीत हवेच, फक्त लॉक्स-पी खुणा नसाव्यात. “साधा” उंदीर तुलनेला घेणे इथे चालत नाही.

दुसरी गोष्ट मोजणीची. फ्लो सायटोमेट्रीत (पृष्ठभागावरच्या प्रथिनांवरून एकेक पेशी ओळखून मोजण्याच्या पद्धतीत) बी पेशी निवडताना बी२२० हे प्रथिन भरपूर असलेल्या पेशींभोवतीच चौकट आखण्याची अनेकांना सवय असते. बी-१ पेशींवर आणि प्लाझ्मा पेशींवर बी२२० कमी असते. त्या चौकटीबाहेर पडतात, आणि मग अहवालात “आढळल्या नाहीत” असे लिहिले जाते. सीडी१९ वर निवड करून नंतर सीडी२३, सीडी४३ आणि सीडी५ पाहणे बरे. प्लाझ्मा पेशींसाठी सीडी१३८ वेगळे लावावे.

तिसरी माझ्या स्वतःच्या फजितीची. सी५७ब्लॅक/६ जातीच्या उंदरांत लसीकरणानंतर आयजीजी२ए या वर्गाचे प्रतिपिंड मोजत होतो आणि आकडा जवळजवळ शून्य येत होता. वर्गबदल (आयजीएम सोडून दुसऱ्या वर्गाचे प्रतिपिंड बनवणे) होण्यातच खोट आहे असे समजून दोन महिने त्यामागे घालवले. या जातीत आयजीजी२ए चे जनुकच नसते, त्याच्या जागी आयजीजी२सी असते, हे एका ज्येष्ठ सहकाऱ्याने चहा पिता पिता सांगितले. तेव्हापासून उंदराची जात विचारल्याशिवाय मी कोणाचाही आलेख वाचत नाही.

एकपेशी

मूषकवाहन, मनापासून आभार. प्लीहा यांचा टीडीटीचा मुद्दा मी मूळ लेखातच घ्यायला हवा होता. “जन्म की रिसेप्टर” अशी मांडणी केल्यामुळे तो माझ्या हातून सुटला.

लेखाच्या शेवटी मी वस्तीविषयी जी शंका लिहिली होती, ती आता सविस्तर मांडतो. १९८८ साली गुडनाऊ आणि सहकाऱ्यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या लायसोझाइमला ओळखणारा रिसेप्टर उंदराच्या बी पेशींना दिला, आणि त्याची गाठ शरीरात लायसोझाइम विरघळलेल्या रूपात बनवणाऱ्या दुसऱ्या ट्रान्सजेनिक उंदराशी घालून दिली. जन्मलेल्या पिल्लांत या बी पेशी मेल्या नाहीत. त्या सुन्न झाल्या. पृष्ठभागावरचे आयजीएम घटले, आयजीडी राहिले, आणि प्रतिजन समोर असूनही त्या प्रतिपिंड बनवेनात. हेच लायसोझाइम पेशीपटलाला जखडलेल्या रूपात असेल तर त्या पेशी काढून टाकल्या जातात, हे १९९१ मध्ये दिसले. तोवर कल्पनेत असलेली सहिष्णुता, म्हणजे स्वतःच्या शरीरावर हल्ला न करणे, डोळ्यांना दिसू लागली, असे या प्रयोगांबद्दल म्हणता येईल.

पण त्या उंदरात जवळजवळ प्रत्येक बी पेशी त्याच रिसेप्टरची होती. १९९४ साली सिस्टर, हार्टले आणि गुडनाऊ यांनी याच सुन्न पेशी नाना रिसेप्टर असलेल्या पेशींच्या गर्दीत सोडल्या, तेव्हा त्यांना प्लीहेतल्या फॉलिकलमध्ये शिरकावच मिळाला नाही आणि त्या लवकर मेल्या. सगळ्याच सुन्न असताना त्या फॉलिकलमध्ये सुखाने नांदत होत्या. चांगल्या शेजारणी आल्या आणि त्यांची जागा गेली. २००४ मधल्या दोन अभ्यासांनी त्याचे कारण पुढे आणले. बी पेशींना जगवणारा बाफ हा घटक मर्यादित असतो आणि सुन्न पेशींना तो इतरांपेक्षा जास्त लागतो. त्यांच्यासारख्याच सगळ्या असल्या तर तो सर्वांना पुरतो, स्पर्धा असली तर पुरत नाही. बाफ जरुरीपेक्षा जास्त बनवणाऱ्या उंदरांना ल्युपससारखा (प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते असा) आजार होतो हे १९९९ मध्येच दिसले होते, आणि बाफला रोखणारे बेलिमुमॅब हे औषध २०११ मध्ये अमेरिकेत ल्युपससाठी मंजूर झाले.

म्हणजे एकाच रिसेप्टरची एकच पेशी, पण आजूबाजूला कोण आहे यावर तिचे आयुष्य ठरते. ट्रान्सजेनिक उंदरातून “या रिसेप्टरच्या पेशीचे असे होते” असे वाक्य कोणी लिहिले की मी मनातल्या मनात “या गर्दीत” हे दोन शब्द जोडून वाचतो.

शंकासुर

मग तुमच्याच कुऱ्हाडीने तुमचेच झाड तुटते. एलएमपी२ए च्या उंदरात तर एकाही पेशीला खरा रिसेप्टर नव्हता. सगळी वस्तीच कृत्रिम. त्या प्रयोगावरून संदेशाच्या जोराने वाट ठरते असा निष्कर्ष कसा काढता?

प्लीहा

एकपेशी यांच्या वतीने मी प्रयत्न करतो. तिथे दोन उंदरांची तुलना होती. दोन्हींत वस्ती सारखीच कृत्रिम, दोन्हींत खऱ्या रिसेप्टरच्या स्पर्धक पेशी नव्हत्या; फरक एवढाच की एकात प्रथिन कमी आणि दुसऱ्यात जास्त. गर्दीचा परिणाम दोन्हींकडे सारखा असेल तर उरलेला फरक प्रमाणाचाच धरावा लागतो. थाय-१ च्या प्रयोगालाही हेच लागू पडते: रिसेप्टर दोन्हीकडे तोच, वेगळे होते ते थाय-१. गर्दीमुळे किती पेशी बी-१ झाल्या हा आकडा मात्र फसवा असू शकतो, आणि तो नैसर्गिक उंदराला लावू नये, इतपत मी तुमच्याशी सहमत आहे.

गर्दीचा परिणाम थेट तपासण्याची रीतही आहे. किरणोत्सार दिलेल्या एकाच उंदराला बदललेली आणि साधी अशी दोन्ही अस्थिमज्जा मिसळून देतात आणि सीडी४५.१ व सीडी४५.२ या खुणांनी कोणती पेशी कुणाची हे ओळखतात. आयजीएमचे ए आणि बी हे दोन अनुवांशिक प्रकारही याच कामी येतात. घातलेला रिसेप्टर एका प्रकारचा आणि उंदराचा स्वतःचा दुसऱ्या प्रकारचा असेल, तर एखादी पेशी घातलेला रिसेप्टर टाकून स्वतःचा वापरू लागली आहे का, हेही कळते. ट्रान्सजेनिक उंदरात अशी गळती थोडीफार होतच असते, आणि गळतीतून आलेल्या पेशी निवडीत पुढे जाऊन मोठ्या दिसू लागतात. जुने शोधनिबंध वाचताना त्यांनी ए आणि बी वेगळे मोजले होते का, एवढे एक पाहिले तरी बराच खुलासा होतो.

जिज्ञासू_वाचक

मी विषयातला नाही, म्हणून प्रश्न बाळबोध वाटल्यास क्षमस्व. बी पेशी मुळीच नसलेला उंदीर म्हणून म्यूएमटी या उंदराचा उल्लेख वारंवार वाचतो. त्यात खरोखर एकही बी पेशी नसते का? आणि उंदरात जे दिसते ते माणसाला लागू होते का?

प्लीहा

प्रश्न मुळीच बाळबोध नाही. म्यूएमटी उंदीर १९९१ साली कितामुरा, रायेव्स्की आणि सहकाऱ्यांनी बनवला. म्यू ही आयजीएमची जड साखळी पेशीपटलात रोवून बसते ती ज्या भागामुळे, तो जनुकाचा भाग त्यांनी निकामी केला. साखळी पृष्ठभागावर येऊ शकली नाही की विकासाची पुढची पायरी गाठता येत नाही, त्यामुळे पेशी अस्थिमज्जेतच सुरुवातीच्या टप्प्यावर अडकते. परंतु २००१ साली मॅकफर्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की या उंदरांतही आयजीए वर्गाचे प्रतिपिंड बनते, म्हणजे काही पेशी म्यू साखळीशिवायच पुढे सरकतात. बॅल्ब/सी जातीत हा अडथळा आणखीच सच्छिद्र निघाला. प्रतिपिंडे पूर्णपणे नसणे ज्या प्रयोगात आवश्यक आहे तिथे जड साखळीच्या जनुकातले ‘जे’ (J) नावाचे तुकडेच काढून टाकलेला उंदीर अधिक भरवशाचा. रॅग (रिसेप्टरच्या जनुकांचे तुकडे जुळवणारी) जनुके काढलेल्या उंदरात टी पेशीही नसतात, त्यामुळे तिथे प्रश्नच बदलतो.

एकपेशी

माणसाविषयी मी लिहितो. बीटीके हे रिसेप्टरचा संदेश पुढे नेणारे विकर. माणसात त्याचे जनुक बिघडले तर एक्स गुणसूत्रावरून वारसाने येणारा ब्रुटन यांचा आजार होतो (त्यांनी तो १९५२ साली वर्णिला), आणि त्या मुलांच्या रक्तात बी पेशी जवळजवळ नसतात. उंदरात याच जनुकातला नैसर्गिक बदल सीबीए/एन जातीत सापडला, त्याला एक्सआयडी म्हणतात. त्या उंदरात बी-२ पेशी कमी असल्या तरी असतात. नाहीशा होतात त्या बी-१, आणि आयजीएम व आयजीजी३ घटते. तो बदल फक्त एका अमिनो आम्लाचा असल्यामुळे आजार सौम्य असेल असे वाटले होते, पण १९९५ मध्ये बीटीकेचे जनुक पूर्ण निकामी केलेले उंदीर बनले तेव्हा तेही तितकेच सौम्य निघाले. २००० साली बीटीके आणि त्याचे भावंड टेक ही दोन्ही जनुके एकत्र काढल्यावर कुठे उंदराच्या बी पेशींचा विकास गंभीरपणे अडला. उंदरात टेक बाजू सांभाळून घेते; माणसात ते पुरे पडत नाही.

मूळ विषयाशी याचा संबंध असा की संदेश क्षीण झाला तेव्हा सर्वांत आधी बी-१ गेल्या. उलट टोकाला मॉथईटन नावाचा उंदीर आहे. त्यात संदेशाला लगाम घालणारे एसएचपी-१ हे विकर नसते, आणि त्याच्या उरलेल्या बी पेशी प्रामुख्याने बी-१ असतात.

मूषकवाहन

जिज्ञासू_वाचक यांच्यासाठी एक पुरवणी. माणसाच्या रक्तात सीडी५ असलेली बी पेशी दिसली म्हणून तिला बी-१ म्हणू नये; माणसात नुकत्याच अस्थिमज्जेतून आलेल्या आणि उद्दीपित झालेल्या इतर बी पेशींवरही सीडी५ असते. २०११ साली सीडी२०, सीडी२७ आणि सीडी४३ एकत्र असणे ही मानवी बी-१ ची खूण म्हणून सुचवण्यात आली, तेव्हा त्या पेशी प्लाझ्मा पेशी होण्याच्या वाटेवरच्या आहेत असा आक्षेप लगेच आला. एक्सआयडी उंदराच्या उदरपोकळीतून मात्र स्वच्छ धुऊन काढलेल्या पेशींत सीडी५ आणि आयजीएमचा तो ओळखीचा ठिपक्यांचा पुंजका दिसत नाही. त्याच वेतातल्या साध्या भावाचा आलेख शेजारी ठेवला की फरक समजायला कोणतेही आकडे लागत नाहीत.